प्रयागामावशी आणि वरचा पाव्हणा

उपग्रह डोक्यावरून जायच्या दिवशी प्रयागामावशी सकाळीच गावभर ओरडत सुटते. "ए, कडब्यावरची निळी ताडपत्री काढा! बांधावर गोधड्या वाळत घालू नका! वरून बघायला येणारेत!" मुलगी बघायला पाव्हणे यावेत, तशी तिची धांदल. त्यात ढग आला की संपलंच. "मेल्यानं नेमका आजच पडदा धरला!" बीड जिल्ह्यात राहून ढगाला शिव्या घालणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

मावशी आमच्या पाणीवापर सहकारी संस्थेची अध्यक्ष. मी सचिव, म्हणजे तिची बोलणी खायचं पद माझ्याकडं. दिंद्रुडचा बाजार करणारं आमचं गाव एका तलावावर जगतं. कृषी महाविद्यालयाच्या पोरींनी मावशीच्या मोबाइलवर गावच्या रानांचा नकाशा बसवून दिला. उपग्रह वरून पिकाची तब्येत टिपतो. जोमदार रान हिरवं, थकलेलं पिवळं, तहानेनं बेजार झालेलं लाल. झालं, मावशीला दुसरा विषयच उरला नाही.

"पान उन्हावर सैपाक करतंय," ती मला समजावते. "अन् घाम येतो म्हणून गार राहतंय. पाणी संपलं की घाम बंद, चूल बंद, अंगात ताप. त्यो ताप वरच्याला कळतो." मग ज्वारीचं पान तोडून माझ्या गालाला लावते. "बघ, हाय का न्हाई कणकण?" मला काही कळत नाही, पण मी मान हलवतो. न हलवून जातो कुठं!

पहिल्याच वर्षी फजिती झाली. पावसानं दडी मारली होती, नकाशावर सगळा गाव पिवळा आणि एकट्या अंबादासचं रान हिरवंगार. मावशीचा ऊर भरून आला. शाल, नारळ, हलगी, सगळा लवाजमा घेऊन आम्ही सत्काराला त्याच्या बांधावर गेलो, तर कमरेएवढं गाजरगवत!

अंबादास डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, म्या तर औंदा पेरलंच न्हाई."

"आता शाल आणलीच हाय तर घे," मावशी म्हणाली. "पर उद्या हे उपट." परत येताना मला हळूच म्हणाली, "वरून रंग कळतो रे, जात कळत न्हाई." तेव्हापासून नकाशा बघून झाला की ती प्रत्येक रानात स्वतः जाऊन येते.

मग तो वाईट दुष्काळ आला. आमच्याकडं पाण्याच्या पाळीची एक रीत आहे. तलावाच्या दाराशी उभं राहून सचिवानं नाव पुकारायचं. ज्याचं नाव त्यानं 'ओ' द्यायची. ओ आली नाही की पाळी पुढच्याची. संस्था निघाल्यापासून हाच कायदा. त्या दिवशी तलावात एका रानापुरतंच पाणी उरलं होतं.

मी पुकारलं, "भीमराव!"

कुणी बोलेना. भीमराव आणि त्याची बायको सविता ज्वारी पेरून ऊसतोडीला गेलेले, घराला कुलूप.

"ते तर कवाच गेलते. पुढचं नाव घ्या," अंबादास म्हणाला.

पुढचं नाव मावशीचंच होतं. तिची ज्वारी पोटऱ्यात आलेली, हे पाणी मिळालं तरच कणीस भरणार. सगळ्यांना बरं वाटलं. "घ्या मावशी, घ्या," म्हणायला लागले. मावशीनं मोबाइल बघितला आणि माझ्यावर डाफरली, "मागचंच नाव पुन्हा घे!"

"भीमराव!"

"ओ!" मावशी खणखणीत ओरडली.

अंबादास हसला. "तुमी भीमराव कवापासून झालात?"

"आत्तापासून! त्याचं लाल हाय, माझं अजून पिवळं हाय."

"कायदा हाय मावशी."

"ओ द्यायचा कायदा हाय. दिली न्हाई का म्या? उघड दार!"

दार उघडलं. पाणी भीमरावच्या रानात गेलं. मावशीची ज्वारी वाळली, कडब्यापलीकडं काही हाती लागलं नाही. पुढच्या वेळी उपग्रह गेला तेव्हा भीमरावचं रान हिरवं दिसलं. मावशीनं लगेच ते चित्र सविताला धाडलं. तिकडून उसाच्या फडातून फोन आला, नुसते हुंदके. "आगं, रडायलीस कावून? बघ की, ज्वारी हसायली तुझी," मावशी तिच्यावरच खेकसली.

मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की मी तिच्याशी भांडायलाच उठलो. "मावशी, सोताचं उभं पीक वाळवलंत! कशापायी?"

तिनं मोबाइलचा पडदा पदरानं पुसला.

"माझा पोरगा दत्ता पुण्याला खोली करून राहतो," ती म्हणाली. "आजारी पडला तरी कळवत न्हाई. त्याचं नाव कुणी पुकारलं अन् त्यो तिथं नसला, तर कुणीतरी ओ द्यावी, बाबा. दुसरं काय."