ड्रायव्हरसाहेबांनी खोललेला कॉम्प्युटर

"अगं, बसचं अख्खं इंजिन खाली उतरवलेलं पाहिलंय मी. हे तर डबडं आहे!" असं म्हणत ड्रायव्हरसाहेबांनी सूनबाईचा कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर आडवा केला आणि त्याचं झाकण काढलं.

निवृत्त झाल्यापासून त्यांचे हात स्टिअरिंगशिवाय नुसते शिवशिवत होते. त्यात कुणीतरी त्यांना बस चालवायचा गेम दाखवला आणि ते पुरते नादावले. अडचण एवढीच, की घरातला कॉम्प्युटर कुठल्याशा ऑफिसनं वापरून टाकलेला, पत्रं टाइप करून दमलेला. त्यावर बस गचके खात चाले. म्हणून ग्राफिक्स कार्ड आणलं. ते कार्ड विजेचं खादाड निघालं, म्हणून मोठा पॉवर सप्लाय आणला.

"सूनबाईला विचारलंत?" बायको म्हणाली. ती त्यांच्याच बस डेपोत, त्यांच्याच गाडीवर कंडक्टर होती. चौकशी करणं तिच्या अंगात मुरलेलं.

"संध्याकाळी तिचा गणिताचा ऑनलाइन क्लास आहे ना? त्याच्या आत जोडून मोकळा होतो. आल्यावर बघतच राहील!"

जुना पॉवर सप्लाय सुखासुखी निघाला. नव्याची वायर मात्र बसेना. वायरीचं तोंड रुंद आणि आतला सॉकेट चिमुकला. साहेबांनी दाबून पाहिलं, उलटी करून पाहिली, शेवटी तडक दुकान गाठलं.

"काका, ऑफिसची मशीनं अशीच असतात," दुकानदार म्हणाला. "यांचं सगळं जगावेगळं. मध्ये ही जोडवायर लावा."

जोडवायर लागली. पण नव्या पॉवर सप्लायच्या डब्याची स्क्रूची भोकं कॉम्प्युटरच्या भोकांशी जुळेनात. साहेबांनी तो सरळ बाहेर टेबलावर ठेवला. मग कार्ड घालायला गेले, तर ते आतल्या हार्ड डिस्कला अडलं. डिस्क तिच्या जागेवरून काढली आणि पडद्याच्या दोरीनं बाहेर बांधली. आता झाकण लागायचा प्रश्नच मिटला होता.

"पोट फाडल्यासारखं दिसतंय हो," बायको म्हणाली.

"हवा खेळती राहते."

त्यांनी बटण दाबलं. पंखे भर्रकन सुरू झाले. साहेबांनी छाती फुगवली. स्क्रीन मात्र काळा ठिक्कर. कार्ड काढून फुंकर मारली, पुन्हा बसवलं. काळाच. पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. तेवढ्यात दारात सूनबाई.

"बाबा! हे काय? अर्ध्या तासात माझा क्लास आहे!"

"किरकोळ काम राहिलंय," साहेब म्हणाले. आवाज ठाम होता, पण कपाळावर घाम होता.

सूनबाई मटकन खुर्चीत बसली. बायको मात्र टेबलाभोवती एक फेरी मारून आली. गर्दीतला विनातिकीट प्रवासी हेरायची तिची नजर, ती एका वायरीवर थांबली.

"अहो, स्क्रीनची वायर जुन्याच भोकात आहे. नवं कार्ड आणलंत आणि त्याच्याकडे कुणी गेलंच नाही!"

तिनं वायर कार्डात खोचली. स्क्रीन लख्ख उजळला. सूनबाईनं सासूला मिठी मारली, सासऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि क्लास घेतला. पोरांना तिकडून काहीच कळलं नाही.

क्लास संपताच साहेब खुर्चीत ठाण मांडून बसले. गेम सुरू झाला. रस्ता, झाडं, थांब्यावरची माणसं, सगळं कसं जिवंत! साहेबांनी बटण दाबलं. उभ्या नोकरीत ज्यांनी बसला ओरखडा येऊ दिला नव्हता, त्यांनी पहिल्याच मिनिटाला डेपोचं फाटक उडवलं. दुसऱ्या खेपेला बस फळांच्या गाडीत, तिसऱ्या खेपेला थेट कारंज्यात.

"बटणांवर कुठं गाडी चालते?" ते वैतागले. "या गाडीला दमच नाही!"

"सरका," बायको म्हणाली.

नोकरीभर तिनं मागून त्यांचं प्रत्येक वळण पाहिलं होतं. बस अलगद निघाली, वळणावर हळू झाली, थांब्याला अगदी चिकटून उभी राहिली. माणसं चढली. सूनबाईनं टाळ्या वाजवल्या.

साहेबांना राहवेना. "अगं, पुढं उतार आहे. गिअर... डावीकडे घे... जरा मला दे ना!"

बायकोची नजर रस्त्यावरून हलली नाही.

"अहो, चालकाशी बोलू नये."