लॅमिंग्टनची शिस्तप्रिय पेशी

लाउडस्पीकरमधून सकाळपासून एकच सूर येत होता, जुनाट फ्रीजच्या घरघरीचा. कॅलम ट्रेलोरला ऐकायची होती ती लॅमिंग्टनच्या मेंदूतली एखादी पेशी. लॅमिंग्टन हा उंदीर. डोकं छोट्या चिमट्यात, मेंदूत केसाहून बारीक सुई, सुईची तार लाउडस्पीकरला, पायाखाली फिरतं चाक आणि तोंडासमोर कंडेन्स्ड मिल्कची नळी अशा थाटात तो बसला होता. जाग्या उंदराला चित्रं दाखवायची आणि त्याची कुठली पेशी कशाला तडतडते ते ऐकायचं, असा सगळा मामला. पण भिंतीतल्या विजेची घरघर मध्ये आली की पेशी ऐकूच येत नाही.

अशा वेळी सगळे करतात तेच कॅलमने केलं. दिसेल ते अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलं. दिवा गुंडाळला, दुधाची नळी गुंडाळली, स्वतःची खुर्ची गुंडाळली. कागद संपला तेव्हा जेवणासाठी आणलेल्या मटण-पॅटिसचा तसलाच कागद सोडवून तोही लावला. घरघर होती तशीच.

महिनाअखेर त्याची नोकरी संपत होती. "एक धड पेशी दाखव, मग मुदत वाढवायचं बघते," असं प्रोफेसर रॉस लिंडनर म्हणाल्या होत्या, आणि त्या आज जेवणाआधी येणार होत्या. अॅडलेडच्या त्या प्रयोगशाळेत बाईंना सगळे नुसतं 'रॉस' म्हणत. भीती मात्र पूर्ण नावानिशी वाटे.

थकून कॅलमने टेबलाच्या लोखंडी चौकटीवर हात टेकला आणि घरघर थांबली. हात उचलला, सुरू. टेकला, बंद.

"थुई," त्याने हळूच हाक मारली. "मी अर्थिंग झालोय."

उंदरांची देखभाल करणारी थुई दारातून डोकावली. "चला, कशाच्या तरी कामी आलास."

"थट्टा नको. मला हलता येत नाही. आता चित्रं तू दाखव."

आणि त्या शांततेत लाउडस्पीकर बोलू लागला. टक्... टक्... टक्. घड्याळासारखा.

"ऐकलंस? काय शिस्त आहे या पेशीला."

थुईने चित्रं दाखवली. मांजर दाखवलं, चीज दाखवलं, दुसरा उंदीर दाखवला. पेशी आपली टक्... टक्... टक्. तेवढ्यात दार उघडून रॉस आत आल्या.

टक्-टक्-टक्-टक्.

कॅलमचे डोळे विस्फारले. "रॉस, जरा बाहेर जा."

"मी आत्ताच आले."

"जा आणि परत ये. प्लीज."

रॉस गेल्या, पेशी मंदावली. आल्या, धावू लागली. "हा उंदीर तुला ओळखतो," कॅलम म्हणाला.

"मला?" रॉस यांचा हात आपोआप केसांकडे गेला.

मग थुईलाही बाहेर पाठवून आत बोलावण्यात आलं. पेशी ढिम्म. "रोज याची घाण मी काढते," थुई म्हणाली, "आणि साहेब ओळखतात हिला."

रॉस आता खुशीत आल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून बघितला, पाठमोरं उभं राहून बघितलं, शेवटी कोपऱ्यातल्या पडद्याआड लपून नुसतं म्हणाल्या, "कॅलम, तुझ्या मुदतवाढीबद्दल बोलायचं होतं."

लाउडस्पीकरमध्ये मोहरीची फोडणी पडली.

"नुसत्या आवाजावरूनही ओळखतो," पडद्याआडून रॉस कौतुकाने म्हणाल्या. "दोन वर्षं वाढवून टाकू या."

फोडणी करपायच्या बेतात आली. थुई मात्र लाउडस्पीकरकडे बघत नव्हती. ती कॅलमच्या मानेवरच्या शिरेकडे बघत होती. ती शीर उडत होती, अगदी त्याच तालावर.

"कॅलम, टेबलावरचा हात काढ," ती कुजबुजली.

"घरघर सुरू होईल."

"काढ रे. आणि लॅमिंग्टनकडे बघ."

लॅमिंग्टन झोपला होता. गाढ, मिशीला दूध लागलेलं.

कॅलमने हात उचलला. घरघर परतली, टक्टक गेली. हात परत टेकून तोंड शिवून बसावं, असं त्याला फार वाटलं. दोन वर्षांची भाकरी होती. पण थुईने बघितलं होतं, आणि ती कुणाच्या पोटात काही राहू देणाऱ्यांतली नव्हती.

"रॉस," तो म्हणाला, "ते माझं हृदय होतं. तू दिसलीस की धडधडतं."

पडद्याआडून रॉस यांचं नुसतं डोकं बाहेर आलं. "कॅलम, माझं लग्न झालंय."

"तसं नाही. भीतीने. मी टेबलाला हात लावून होतो, त्यामुळे माझीच धडधड तारेत शिरली."

रॉस बाहेर आल्या. "म्हणजे जाग्या उंदराऐवजी तू मला जागं गाढव ऐकवत होतास." त्यांनी त्याला बाजूला सारून चौकटीवर स्वतःचा हात ठेवला. घरघर बंद. टक्... टक्... संथ, भारदस्त.

"ऐक," त्या म्हणाल्या. "माणसाने असं असावं. शांत."

एवढ्यात टेबलावर पडलेला त्यांचा फोन वाजला. थुईने वाकून नाव वाचलं. "अनुदान समिती. आज निकाल आहे ना तुझ्या अर्जाचा?"

खोलीभर मोहरी तडतडली. लॅमिंग्टन दचकून जागा झाला.

"थुई, लाउडस्पीकर बंद कर," रॉस फोनकडे बघत म्हणाल्या. हात मात्र चौकटीवरून निघेना.

कॅलमने मान तिरकी करून तडतड मन लावून ऐकली.

"पेशी चांगली आहे, रॉस," तो म्हणाला. "हिला दोन वर्षं वाढवून द्यायला हरकत नाही."