सतराच्या पाढ्याची मोहीम

श्रीशारदेचे चरणी दंडवत घालोन, जे घडले तेच लिहितो, पदरचे काही नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध षष्ठीचे दिवशी राज्यातील विद्यालयी मोठा घोळ जाहला. प्रथम वर्षाचे रयतेस संगणकास आज्ञा लिहिण्याचा गृहपाठ होता, आणि अडल्यानडल्यांस मदत करावी म्हणोन तृतीय वर्षाचे वैजनाथपंत बोरवणकर यांस सरांनी नेमिले होते. तेथे मृण्मयीबाई धायगुडे येवोन बोलिल्या, "दादा, मी सतराचा पाढा मागते, हा सोळाचाच देतो. दुपारी सरांनी सही नाही केली तर परीक्षेला बसता येणार नाही मला." पंत हसोन बोलिले, "एवढंच ना? बघू." मग पंतांनी आज्ञा वाचिल्या, तो त्यांत सतराच लिहिले होते, आणि यंत्र चालविले तो सोळा एके सोळा. मग पंतांनी तीच आज्ञा यंत्राकडोन पुन्हापुन्हा करविणारा फेरा नव्याने मांडिला, आणि सोळा एके सोळा. मग फेरा कोठे सुरू होतो, आकडा कोठे वाढतो, हे बाईंस उलगडोन सांगत ओळ न् ओळ बदलिली, आणि पुन्हा सोळाच. पंतांचे डोके चालेनासे जाहले. तेव्हा इरेस पेटोन सर्व ओळी खोडिल्या, कोरेच पान जतन केले, यंत्र बंद करोन पुन्हा उघडिले आणि हुकूम सोडिला, तो कोऱ्या पानातून सोळाचा पाढा सुरळीत बाहेर आला. पंतांस घाम फुटला. "हे बोलतंय तरी कुठून?" ऐसे बाईंसच विचारो लागले. मग बाईंनी पडद्याचे कोपऱ्यात बोट ठेविले, "दादा, इथे दुसरंच नाव दिसतंय." पाहतात तो लिहिणे एका फाईलीत आणि चालविणे गेल्या आठवड्याचे सोळाचे पाढ्याचे फाईलीचे, ऐसा सकाळपासोन प्रकार. कारण सापडले, परंतु बाईंची सारी मेहनत पंतांचे हातून खोडिली गेली होती, आणि सहीची वेळ अर्ध्या घटकेवर आली होती. पंत फार शरमिंदे जाहले आणि "मी लिहून देतो" म्हणाले, तो बाई बोलिल्या, "नको दादा. तुम्ही उठा." आणि बाई बसल्या, आणि पंतांनी वारंवार सांगितलेला तोच फेरा त्यांनी आपले हाते मांडिला. मग सरांनी पाढा पाहिला आणि एकाएकी एकोणिसाचा मागितला, तो बाईंनी एक आकडा बदलोन तोही दाखविला, आणि सही जाहली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होवोन बाई परीक्षेस बसल्या. सरांनी पंतांस "छान शिकवलंस" म्हणोन शाबासकी दिली. आपण शिकविले कधी, हे पंतांस अद्याप उमगले नाही.