पाव फेरा बाकी

आमच्या जळगावच्या मेहरूणमध्ये एका घरी गमी झाली, माणूस गेलं, म्हणून आम्ही गल्लीतले सगळे बसायला गेलो होतो. बायका आत, पुरुष अंगणात खुर्च्यांवर, सगळ्यांच्या माना खाली. तेवढ्यात कोपऱ्यातून कुर्र कुर्र असा आवाज आला. बघतो तर आमच्या गल्लीतले म्हातारे नाना वाकून खिशातल्या पान्यानं स्वतःच्या खुर्चीचा बोल्ट आवळताहेत. ती झाल्यावर त्यांनी शेजारच्याला खुणेनं उठवलं आणि त्याची खुर्ची उलटी केली. उठायची वेळ झाली तोवर अकरा खुर्च्या आवळून झाल्या होत्या. घरमालकानं डोळे पुसत हात जोडले, तर नाना त्याला म्हणाले, "बारावीना पाव फेरा बाकी शे."

नाना मूळचे पारोळ्याकडचे. उभी हयात जळगावात कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढली, पण बोली काही सोडली नाही. जगात जे जे आट्यांवर बसतं ते ते कधी ना कधी ढिलं होतं, ही त्यांची श्रद्धा. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी कुकरचं हँडल, दाराची कडी आणि माझ्या चष्म्याचा स्क्रू आवळला. बायको म्हणाली, हे काका रोज आले तरी चालतील, तुम्हाला तीन वर्षांत कडी जमली नाही.

ते माझ्या आयुष्यात शिरले ते सायकलीमुळे. मी शाळामास्तर. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा जुन्याच सायकलीला विजेची मोटर बसवून घेतली. ही मोटर चाकात नसते. दोन पायडलांमधला आस काढून त्याच नळीत ती बसवतात आणि नटानं आवळतात. दुकानदारानं अर्ध्या तासात काम उरकलं. आठवड्याच्या आत पुलाच्या चढावर मोटरनं जोर लावला आणि चाक फिरवायच्या ऐवजी स्वतःच गर्रकन वर फिरली. फ्रेमवर आपटली, वायर तुटली. मे महिन्यातल्या जळगावच्या दुपारी मी ती सायकल ढकलत घरी आणत होतो. नाना फाटकात उभे होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, मोटरकडे पाहिलं आणि सायकल माझ्या हातातून काढून घेतली.

मग जे झालं त्याला बसवणं म्हणणं कमीपणाचं होईल. नानांनी नळी रॉकेलनं धुतली, तारेच्या ब्रशनं घासली, फडक्यानं कोरडी केली. मोटरला फ्रेमशी धरून ठेवणारी दातेरी पट्टी होती, तिचे बोथट दात कानशीनं धारदार केले. मोटर आणि फ्रेममधल्या फटीत बाभळीच्या लाकडाचा ठोकळा ठोकला आणि त्यावरून क्लिप आवळली. नटासाठी त्यांचा स्वतःचा पाना होता, जिनिंगच्या मोडीत निघालेल्या चक्रातून कापून केलेला. पान्याच्या टोकाला ते कापूस तोलायचा ताणकाटा अडकवत आणि ओढत. काटा दहा किलोवर आला की थांबायचं. मी सात किलोवरच "झालं असेल नाना" म्हणायचो, आणि ते वर न बघता म्हणायचे, "पाव फेरा बाकी शे." मग दुसरा नट पहिल्यावर. सगळ्यात शेवटी लाल नेलपॉलिशची एक सरळ रेघ, नटावरून थेट फ्रेमवर. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट सरकला.

"आठ दिनमा परत ये," ते म्हणाले. "मोटर ढिली व्हस."

माझी पाहून आणखीही बरेच जण नानांकडून मोटरी बसवून घ्यायला लागले, आणि हा त्यांचा सगळ्यांसाठी नियम होता. मोटर बसवून नेलेल्या प्रत्येकानं आठ दिवसांनी दाखवायला यायचंच. बहुतेक लोक येत नसत. मी जायचो, कारण पुलाची दुपार मी विसरलो नव्हतो. नट तपासायला दोन मिनिटं लागत आणि बसायला दीड तास. पत्र्याच्या शेडमध्ये उलट्या डब्यावर मला बसवायचे, केळीचे वेफर्स पुढे ठेवायचे आणि जिनिंगच्या हंगामातल्या गोष्टी सांगायचे. रेघ अखंड असली तरी म्हणायचे, पुढच्या रविवारी ये. काकू वारल्या होत्या, मुलगा धुळ्याला. मला हे सगळं माहीत होतं. तरी दर रविवारी मी मनात वैतागायचो. एवढा शिकलेला माणूस मी, आणि मला असंही वाटायचं की नाना नटासाठीच बोलावतात.

म्हणून मी शहाणपणा केला. तसाच दातेरी पाना ऑनलाइन मागवला, ताणकाटा आणला, घरीच नट आवळला, बायकोच्या नेलपॉलिशनं रेघ ओढली आणि सायकल नानांना दाखवायला नेली. "आता तुम्हाला दर रविवारी त्रास नको," असं वर म्हणालो. नानांनी काटा लावून पाहिला. दहा किलो. रेघेवरून अंगठा फिरवला. चांगलं काम शे, म्हणाले. त्यानंतर माझे रविवार मोकळे झाले, आणि मला त्याचा आनंदही झाला. आज सांगायला लाज वाटते.

पावसाळ्यानंतर मुलगा त्यांना धुळ्याला घेऊन गेला. दिवाळीनंतर शाळेच्या कामासाठी मी एसटीनं धुळ्याला गेलो, तेव्हा आठवण झाली म्हणून त्यांच्याकडे डोकावलो. तिथं काय चाललं होतं ते मला चार दिवसांनी त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं. तुम्हाला आधीच सांगतो. नाना मेहरूणला परत जायचं म्हणत होते. मुलगा वाईट नव्हता, त्याला काळजी होती. तिथं तुमचं कोण आहे, असं तो विचारायचा, आणि नाना म्हणायचे, मोटरी आहेत, त्या ढिल्या होतात, लोक येतात. शेवटी मुलगा म्हणाला, जळगावहून एक जरी माणूस तुम्हाला बोलवायला आला, तर मी स्वतः तुम्हाला सोडून येईन. नाहीतर घर भाड्यानं देऊ. नानांनी पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

आणि मी दारात उभा राहिलो.

नाना पाणीसुद्धा विचारेनात. त्यांनी पिशवीतून पाना काढला, चपला घातल्या. "चाल खाले. सायकल कोठे शे?"

मी हसून म्हणालो की सायकल कशाला आणू, एसटीनं आलोय. मुलगा सोफ्यावर बसला होता. त्यानं अगदी आदरानं विचारलं, "सर, तुमच्या मोटरला नाना लागतात का हो?"

मला वाटलं, माझं कौतुक करायची संधी आहे. मी सविस्तर सांगितलं. पाना, काटा, दहा किलो, रेघ. आता महिनोन्महिने बघावं लागत नाही, म्हणालो. मुलानं नानांकडे पाहिलं. नानांनी चपला काढल्या आणि भिंतीला लावून नीट ठेवल्या. मग मुलाला म्हणाले, "मंग? शिकाडेल कोनी शे?" आवाजात खरोखर अभिमान होता. त्या अभिमानानं मी असा फुगलो की चहा दोनदा घेतला.

निघताना ते मला सोडायला तीन जिने उतरून आले. फाटकाशी उभे राहिले. मुलगा वर होता, आसपास कोणी नव्हतं. त्यांनी माझ्या शर्टाची बाही धरली आणि आवाज खाली आणला.

"मास्तर, खरं सांग. जराशी बी ढिली नही व्हयनी?"

जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून सांगत आलेला माणूस मी. "नाही नाना," मी खरं तेच सांगितलं, "केसभरसुद्धा नाही."

नानांनी मान डोलावली. बाही सोडली, हळू जाय म्हणाले, आणि परत जिना चढायला लागले.