रबरसरांचा गुडघा

कॉलेजात रबर शिकवणाऱ्या त्या सरांना मुलंच काय, खुद्द प्राचार्यही पाठीमागे 'रबरसर' म्हणत. बावीस वर्षं एकच विषय. त्यामुळे सासऱ्यांनी दुकानातून आणलेला गुडघ्याचा पट्टा महिन्याभरात सैल पडला, तेव्हा सरांना तो स्वतःचाच अपमान वाटला. "मी करून देतो. जन्मात सैल पडणार नाही," असं त्यांनी जेवता जेवता जाहीर केलं. बायकोने मान वर केली आणि पुन्हा ताटात घातली.

रबर म्हणजे लांबलचक धाग्यांचा गुंता. त्यात गंधक घालून भाजलं की धाग्याधाग्यांत गाठी बसतात, म्हणून तर ताणलेलं रबर पुन्हा जागेवर येतं. गाठी जितक्या जास्त, तितकं रबर ताठ. सासरे अंगाने भारदस्त, म्हणून सरांनी प्रयोगशाळेत गंधक अगदी सढळ हाताने घातलं आणि रविवारी सकाळी एक काळंभोर नळकांडं घेऊन घरी अवतरले.

सासऱ्यांनी ते ताणून पाहिलं. ताणलं गेलं नाही. त्यांनी ते मायेने परत केलं.

"आधी तुम्ही घालून दाखवा, जावईबापू."

पावडर फासून, पलंगाची कड धरून, दातओठ खात सरांनी पाव तासात पट्टा गुडघ्यावर चढवला. तो कसा चपखल बसलाय हे ते सांगत होते, तोवर खाली पाऊल जांभळं पडायला लागलं. मग ओढाओढ सुरू झाली. बायकोने ओढलं, सासऱ्यांनी ओढलं, पट्टा तसूभर हलेना. शेवटी बायको म्हणाली, गरम पाणी ओतू या, बरणीचं घट्ट झाकण नाही का त्याने सुटत.

आता, ताणलेलं रबर तापवलं की सैल पडत नाही, उलट आखडतं. सर दरवर्षी पहिल्याच तासाला रबराला वजन टांगून, ते तापवून, वजन वर चढताना दाखवत. परीक्षेत हे चुकवणाऱ्या एकाही मुलाला त्यांनी आजवर पास केलं नव्हतं. पण पाय स्वतःचा असला की विद्या कुठल्या कुठे जाते.

"ओत लवकर," सर म्हणाले.

तिने ओतलं. रबराने सरांचा धडा अक्षर न् अक्षर म्हणून दाखवला, आणि सरांची किंकाळी खालच्या मजल्यावरच्यांनीही ऐकली.

एक हात सासऱ्यांच्या खांद्यावर, दुसरा बायकोच्या, अशी लंगडी घालत सरांची वरात तीन जिने उतरली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नर्सने कात्री चालवली. पट्टा फटकन उडाला आणि टेबलावरचा पाण्याचा पेला घेऊन खाली पडला. पायाला मुंग्या आल्या, हळूहळू रंगही परतला. डॉक्टरांनी सगळी हकिकत ऐकली, गरम पाण्याची तर दोनदा ऐकली, आणि कागद पुढे ओढला.

"आपण काय करता?"

"कॉलेजात शिकवतो."

"विषय?"

सरांनी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता मन लावून वाचत होती. सासरे खिडकीबाहेर बघत होते.

"इतिहास," सर म्हणाले.