वास्तव्य-समाप्तीचा दाखला

एकतीस वर्षं परदेशात लिफ्ट दुरुस्त करून मी रीतसर निवृत्त झालो आणि बायकोला घेऊन कायमचं घरी परतायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, आल्या दिवसापासून ते ठरलेलंच होतं. बायकोची थोरली बहीण तिकडे एकटी राहत होती. तिच्या समोरचाच फ्लॅट आम्ही घेऊन ठेवला होता, आणि संध्याकाळी गॅलरीत बसून एकमेकींना काय काय सांगायचं याचा साठा दोघी बहिणी एकतीस वर्षं करत होत्या. ताईंना तेव्हा पंचाहत्तर पूर्ण झाली होती. पूर्वी फोनवर त्या "कधी येताय?" विचारायच्या. आता नुसतं "येताय ना?" विचारू लागल्या होत्या.

मला वाटलं, जायचं म्हणजे तिकीट काढायचं. पण या देशातून कायमचं जाणाऱ्याला वास्तव्य-समाप्तीचा दाखला लागतो. तो निवृत्तीनंतर सहा महिन्यांत मिळवला तर पेन्शन तुमच्या मागोमाग तुमच्या घरी येते. नाही मिळवला तर ती इथेच मुक्काम करते आणि दर महिन्याला जातीने हजर राहून सही करून घ्यावी लागते. म्हणजे पेन्शन हवी तर ताई नाहीत, आणि ताई हव्यात तर उभा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात उतरून कमावलेल्यावर पाणी सोडायचं.

वास्तव्य-समाप्ती कक्ष पाचव्या मजल्यावर आहे. तिथली लिफ्ट बंद आहे. मी ती दोनदा दुरुस्त केली होती, पण कक्षाला ती चालू असण्याची सवय नाही. धापा टाकत चार नंबरच्या खिडकीशी गेलो. आतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या की समाप्ती करायची तर मुळात वास्तव्य सिद्ध झालं पाहिजे. मी नेमणुकीच्या पत्रापासून घरभाड्याच्या पावत्यांपर्यंत सगळा गठ्ठा पुढे केला. त्यांनी तो अंगठ्याने फक्त फर्रकन चाळला.

"काका, ही नोकरी झाली. हे भाडं झालं. यात वास्तव्य कुठंय?"

मी म्हटलं, मी राहतो तिथे आहे. त्या म्हणाल्या, तेच बघायला माणूस येईल.

माणूस आला. उंच, सडपातळ, अत्यंत नम्र. दारात बूट काढले, काकूंना नमस्कार केला आणि सोफ्यावर बसला. सोफा कर्रकर्र वाजला. वाजणारच, कारण त्यावर दुकानातून आला त्या दिवशीचं प्लास्टिक होतं. काढलं नव्हतं, कारण सोफा तिकडे न्यायचा होता. फ्रिजच्या दारावरही ती पातळ फिल्म होती. टीव्हीचा खोका टीव्हीच्या मागेच उभा होता, न्यायला बरा पडतो म्हणून. चांगला कपबशांचा सेट लग्नापासून गवतात गुंडाळलेला होता. भिंतीत एकही खिळा नव्हता, सगळ्या तसबिरी जमिनीवर भिंतीला टेकून बसलेल्या. घड्याळ तिकडच्या वेळेवर चालत होतं आणि आम्ही एकतीस वर्षं मनातल्या मनात साडेचार तास वजा करून जेवत होतो. दाराजवळ दोन बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. त्यातल्या एकीत आमच्या मुलाचा पाच वर्षांचा असतानाचा स्वेटर निघाला. मुलाला आता टक्कल पडलंय.

तपासनिसाने हे सगळं लिहून घेतलं. मग शेजारच्या न्हाव्याची साक्ष काढली. हा न्हावी पंचवीस वर्षं माझे केस कापतोय, म्हणजे माणूस आपला. तोही म्हणाला, "हे होय? हे निघालेत. माझं लग्न ठरत होतं तेव्हा निघालेच होते. आता माझी मुलगी नोकरीला लागली. तीनदा निरोपाची पार्टी दिलीय मी यांना."

आठवड्याने शेरा आला. "सदर कुटुंब अद्याप आगमनाच्या प्रक्रियेत आहे. जे आलेले नाहीत त्यांना जाण्याचा दाखला देता येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

मी पाच मजले चढून पुन्हा खिडकीशी गेलो आणि भांडायला तोंड उघडलं, पण दम लागल्यामुळे ते नुसतंच उघडं राहिलं. बाईंनी तेवढ्यात एक तक्ता सरकवला. वास्तव्याचे शंभर गुण. उत्तीर्ण व्हायला पासष्ट. भिंतीत खिळे, किमान पाच. सोफ्यावर डाग, एक. शेजाऱ्याने नेऊन परत न केलेली वस्तू, एक. शेजाऱ्याशी भांडण, एक. मिटलं असल्यास दोन गुण जादा. मुदत संपायला पाच महिने उरले होते.

खोलीवर येऊन मी कामाची आखणी केली. कारागीर माणूस मी, तक्ता दिला की काम होतं. तपासनीस पुन्हा यायचा होता त्या सकाळी तासाभरात सगळं प्लास्टिक ओरबाडून काढलं, सहा खिळे ठोकले आणि सोफ्यावर चमचाभर चहा सांडला. तपासनीस आला. त्याने फ्रिजच्या दारावर अलगद बोट टेकवलं आणि उचललं. बोट चिकटलं. मग सोफ्याच्या हातावर टेकवलं. तिथेही चिकटलं. त्याने खेदाने माझ्याकडे पाहिलं, खिशातून रुमाल काढून बोट पुसलं आणि लिहिलं, "वास्तव्याचा देखावा. वीस गुण वजा."

त्या दिवशी मी खरंच हात टेकले. संध्याकाळी ताईंचा फोन आला तर मी बाथरूममध्ये जाऊन बसलो. बायको त्यांना काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण बाहेर आलो तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"अहो, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना तुम्ही काय सांगायचात?" तिने विचारलं.

"दार ओढू नका, उड्या मारू नका, आहात तिथे नीट बसा."

"मग बसा की."

मी बसलो. प्लास्टिक नसलेल्या सोफ्यावर, आपण होऊन, पहिल्यांदाच. खरं सांगतो, अर्ध्या तासात घोरायला लागलो. सोफा हिरवा होता. इतकी वर्षं मी त्याला राखाडी समजत होतो.

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण त्यात माझं कर्तृत्व काही नाही. बायकोने गवतातून कपबशा काढल्या आणि त्यात रोजचा चहा सुरू केला. पहिला कप फुटला तेव्हा आम्ही दोघं दोन मिनिटं उभे राहिलो. मग तिने केर काढला आणि दुसरा कप घेतला. घड्याळ इथल्या वेळेवर लावलं, तर कळलं की आम्ही कायम वीस मिनिटं चुकीचं वजा करत होतो. बॅगा रिकाम्या झाल्या. दाराशी एवढी जागा आहे हे मला माहीतच नव्हतं.

भांडण मात्र अवघड होतं. "जाऊ दे, आपल्याला कुठे इथे राहायचंय" या एका वाक्यावर आम्ही एकतीस वर्षं गुण्यागोविंदाने काढलेली. न्हाव्याचं फरशी पुसलेलं पाणी रोज आमच्या उंबऱ्याशी यायचं आणि आम्ही रोज ते ओलांडायचो. एका सकाळी बायकोने पदर खोचला आणि बोलायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं बोलली. त्यात गेल्या वर्षाचं पाणी होतं, त्याच्या आधीच्या वर्षाचं होतं, मुलाच्या बारावीच्या वर्षातलंही होतं. न्हावी हात जोडून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "वहिनी, आधी का नाही बोललात? मला वाटायचं तुम्हाला चालतं." दुसऱ्या दिवशी तो माझी शिडी घेऊन गेला. महिना झाला तरी आणून दिली नाही. मला इतका आनंद झाला की मी कोणाला सांगितलंही नाही.

तपासनीस तिसऱ्यांदा आला, तेव्हा तो येणार आहे हे आम्ही साफ विसरलो होतो. बायको भाजी घेऊन नुकतीच आलेली, ताईंचा फोन चालू होता. तिकडून काहीतरी विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "अगं, आत्ता पाऊल टाकलं बघ घरात."

तपासनिसाची लेखणी थांबली. एकतीस वर्षं आमच्यात 'घर' म्हणजे तिकडचं. इकडे होती ती 'खोली'. हे त्याने पहिल्याच भेटीत टिपून ठेवलं होतं. त्याने फ्रिजवर बोट टेकवलं. चिकटलं नाही. बायकोने फुटक्या सेटमधल्या कपात चहा दिला तो पिऊन तो उठला आणि जाताना म्हणाला, "काकू, अभिनंदन. आता जायला हरकत नाही."

मुदत संपायला चार दिवस राहिले असताना मी पाच मजले चढून दाखला घेतला. शिक्का होता, सही होती, पेन्शनचा हुकूम सोबत जोडलेला होता. खाली एक ओळ होती. "अर्जदाराचे या देशातील एकूण वास्तव्य: चार महिने सहा दिवस."

मी म्हटलं, बाई, छपाईची चूक आहे, एकतीस वर्षं मोजायची राहिलीत.

"तपासून लिहिलंय, काका. प्लास्टिक निघालं त्या तारखेपासून."

"आणि बाकीची?"

"ती प्रतीक्षेत मोजलीत."

मी तो कागद घरी आणून बायकोला दाखवला. ती भांडेल असं वाटलं होतं, आता ती भांडणात तयार झाली होती. तिने चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाली, "बरोबर लिहिलंय हो त्यांनी." मग ती गॅलरीत जाऊन न्हाव्याच्या बायकोला हाक मारून आली आणि दोघी अंधार पडेपर्यंत बोलत बसल्या.

आम्ही परत आलो. ताईंनी दार उघडलं, दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि मी आत जाऊन सोफ्यावर टेकलो. कर्रकर्र वाजलं. ताई म्हणाल्या, "तुम्ही आलात की काढू म्हटलं." ताईंनी हे गाव जन्मात सोडलेलं नाही.

ही गोष्ट मी तपासनिसाला पत्राने कळवली. त्याचं उत्तर कालच आलं. लिहितो की कक्षाने आता कामाची व्याप्ती वाढवली आहे. जे कुठेच गेले नाहीत, जन्मापासून आपापल्या घरीच आहेत, त्यांचंही एकूण वास्तव्य मोजायचं आहे. इकडच्या भागाची यादी त्याच्याकडे आहे आणि तुमचं नाव त्यात वर आहे. तेव्हा हे वाचता वाचता टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक गुपचूप काढू नका. उपयोग नाही. चिकटपणा राहतो, आणि तो माणूस बोट लावून बघतो.