दार काढा!

आमचं जुनं घर मी एकट्याने मॉडर्न केलं. छाती फुगवूनच सांगतोय! इंटिरिअर डिझायनरला नकाशे लागतात, मला एक खडू पुरला.

घर आजोबांनी बांधलेलं. खालचा मजला माझा, वरचा दादाचा. दादाने आधीच बजावलं होतं, "खालचा करून दाखव. आवडला तर वरचाही तुझ्या हाती देतो. नाहीतर माझ्या जिन्याला बोटसुद्धा लावायचं नाही!"

आता नव्या फॅशनमध्ये दारं नसतात. सगळं कसं मोकळं! आमच्या हॉलमधून आत जायला एकच दार, ते पण पहिलवानासारखं जाडजूड. ते उखडायचं ठरवलं. तेलकट लाकडावर खडू काही उठेना, म्हणून गवंड्यासाठी शेजारच्या भिंतीवर ठळक लिहिलं, 'दार काढा'. आणि ऐटीत ऑफिसला गेलो.

संध्याकाळी येऊन बघतो तर त्या भिंतीतून बायको बादली घेऊन बाहेर येतेय!

"अहो, बाथरूमला हॉलमधून दार कशाला?"

गवंडी गालातल्या गालात खूश. "साहेब, तुम्हीच लिहिलंत ना, दार काढा? काढलं! कमान बघा कशी सुबक आलीय!"

"अहो, काढा म्हणजे काढून टाका! ते शेजारचं!"

"अस्सं होय! मग तसं लिहायचं की!" म्हणत त्याने जुनं दारही चौकटीसकट काढलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन केला. "ते काढलेलं दार बुजवून टाका. वर प्लास्टर कसं गुळगुळीत हवं!"

"कुठलं काढलेलं?"

"अहो, काल काढलंत ते!" मीटिंग सुरू झाली, फोन ठेवला.

प्लास्टर आरशासारखं झालं. जुन्या दाराच्या जागी! आता हॉलमधून बाथरूममध्ये शिरायचं आणि पलीकडच्या दाराने स्वयंपाकघरात निघायचं. दुसरा रस्ताच नाही.

बायकोने कपाळाला हात लावला. "दादांना काय सांगणार आता?"

"सांगायचं काय त्यात? असं घर आहे का दुसऱ्या कुणाचं?"

रविवारी दादा-वहिनी आले. दादा त्या प्लास्टरवरून हात फिरवतच राहिला. "अरे, झकास! मला वाटलं, विचका करून ठेवशील. वरचा मजला तुझाच बघ!"

माझी मान अशी ताठ झाली की छतच दिसायला लागलं.

"पण भावोजी, स्वयंपाकघर कुठे गेलं?" वहिनींनी विचारलं.

"या ना, इकडून! दादा, आधी तू."

दादा आत शिरला. आमचा शॉवर सेन्सरचा आहे. खाली माणूस आला की आपोआप सुरू होतो.

सुरू झाला.